रोथेनबुर्गमधले खरे जुने किती आणि पुन्हा बांधलेले किती?

नीलाक्षी_एर्लांगेन

नमस्कार. येत्या मे महिन्यात माझे आईबाबा सांगलीहून आमच्याकडे एर्लांगेनला येणार आहेत. आई माध्यमिक शाळेत इतिहास शिकवत असे आणि बाबा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले आहेत. दुकाने आणि मॉल यांच्यापेक्षा जुन्या वास्तू पाहण्यात दोघांनाही अधिक रस आहे. जर्मनीतले एक तरी मध्ययुगीन गाव सावकाश, पायी फिरून पाहायचे, एवढी एकच मागणी आईने केली आहे. माझ्या डोळ्यांसमोर अर्थातच रोथेनबुर्ग ओब डेअर टाउबर आले, कारण ते आमच्यापासून जवळ आहे आणि तटबंदी, वेशी, बुरूज, लाकडी चौकटींची घरे असे सगळे तिथे एका जागी पाहायला मिळते.

मात्र कार्यालयातल्या एका जर्मन सहकाऱ्याला हे सांगितले, तेव्हा त्याने नाक मुरडले. त्याच्या मते रोथेनबुर्ग म्हणजे पर्यटकांसाठी उभारलेला देखावा आहे; युद्धात बॉम्ब पडून गाव जळले आणि आज जे दिसते ते नंतर जुन्यासारखे बांधलेले आहे. आमच्या शेजारच्या आजी मात्र ठामपणे म्हणतात, की गाव होते तसेच आहे. दोघेही याच भागात वाढलेले असल्यामुळे कोणाचे खरे मानावे हे मला कळेनासे झाले आहे.

आईला एखादी वास्तू दाखवून "ही चौदाव्या शतकातली" असे सांगावे आणि तिने खालच्या पाटीवर १९५१ साल वाचावे, असा प्रसंग मला टाळायचा आहे. म्हणून जाणकारांना विचारते. रोथेनबुर्गमध्ये नेमके काय मूळचे आहे? पुन्हा बांधलेला भाग ओळखायचा कसा? आणि त्यापेक्षा अधिक अस्सल असे दुसरे गाव असेल, तर लांबचा प्रवास करून तिथे जाणे योग्य ठरेल का? बाबांचे गुडघे दुखतात, तेही कृपया ध्यानात घ्यावे.

पेग्निट्झकाठकर

नीलाक्षीताई, तुमचा सहकारी आणि शेजारच्या आजी या दोघांचेही म्हणणे अर्धे खरे आहे. गाव दोन भागांत विभागून पाहिले, तर हा वाद मिटतो.

३१ मार्च १९४५ रोजी अमेरिकेच्या सोळा विमानांनी रोथेनबुर्गवर बॉम्ब टाकले. त्यांचे मूळ लक्ष्य एब्राख येथील तेलसाठा हे होते, परंतु तिथे धुके असल्यामुळे ती विमाने पर्यायी लक्ष्याकडे, म्हणजे या गावाकडे वळली. ३९ माणसे मेली आणि जुन्या गावाचा सुमारे ४० टक्के भाग उद्ध्वस्त झाला. हे नुकसान गावभर विखुरलेले नव्हते. ते प्रामुख्याने पूर्वेकडच्या बाजूला, म्हणजे पांढऱ्या बुरुजापासून (वाइसर टुर्म) बाहेरच्या तटबंदीपर्यंतच्या पट्ट्यात झाले. पश्चिमेची हेर्नगासे, दक्षिणेला जाणारी श्मीडगासे, प्लोनलाइनचा तो प्रसिद्ध तिठा आणि त्यापुढची श्पिटाल म्हणजे धर्मार्थ रुग्णालयाची पेठ हा भाग बव्हंशी वाचला. म्हणजे कॅलेंडरांवर आणि चॉकलेटच्या डब्यांवर छापले जाणारे बहुतेक रोथेनबुर्ग मूळचेच आहे. याला एक अपवाद सांगतो, कारण तुम्हाला पाटीची भीती आहे. पूर्वेकडे रोडर वेशीजवळ उंच त्रिकोणी दर्शनी भिंतीची, लाकडी चौकटीची एक चिमुकली इमारत आहे, तिला गेर्लाखश्मीड म्हणजे गेर्लाखची लोहारशाळा म्हणतात. तिचे छायाचित्र काढल्याशिवाय कोणी पुढे जात नाही, आणि नेमकी तीच युद्धानंतर पुन्हा बांधलेली आहे.

पूर्ण गावच जायचे होते, ते थोडक्यात बचावले. अमेरिकी सैन्य वेशीपर्यंत आले, तेव्हा त्यांच्या युद्धखात्याचे साहाय्यक मंत्री जॉन मॅक्क्लॉय त्या भागात होते. त्यांच्या आईने पूर्वी रोथेनबुर्ग पाहिले होते आणि तिथले चित्र त्यांच्या घरी होते, त्यामुळे गावाचे मोल त्यांना ठाऊक होते. तोफखाना न वापरता आधी शरणागतीची बोलणी करावीत, असे त्यांनी सुचवले. गावातल्या जर्मन लष्करी अधिकाऱ्यानेही शेवटच्या माणसापर्यंत लढण्याचा वरून आलेला हुकूम बाजूला ठेवला आणि १७ एप्रिल रोजी गाव लढाईविना अमेरिकनांच्या ताब्यात गेले.

आता पुनर्बांधणीविषयी. "जुन्यासारखे बांधले" या शब्दांत तुमच्या सहकाऱ्याने जो दोष काढला आहे, तो मला पटत नाही. वुर्त्सबुर्ग, न्युर्नबर्ग, उल्म अशी कितीतरी शहरे तेव्हा ढिगाऱ्यांतून उभी राहत होती आणि काही ठिकाणी मोटारींसाठी जुने रस्ते सरळ आणि रुंद करून टाकले गेले. रोथेनबुर्गने रस्त्यांची वळणे, घरांच्या अरुंद आणि खोल जागा, रस्त्याकडे तोंड केलेली त्रिकोणी दर्शनी भिंत आणि छपरांचा तीव्र उतार या गोष्टी कायम ठेवल्या. मात्र घर जळण्यापूर्वी जसे होते, तसेच्या तसे बांधण्याचा हट्ट धरला नाही. त्यामुळे ओळखण्याची खूण सोपी आहे. पूर्वेच्या गल्ल्यांत गिलावा सपाट आणि एकसारखा दिसेल, खिडक्या एका मापाच्या आणि एका ओळीत असतील, भिंती ओळंब्यात असतील आणि उघडी लाकडे फार थोडी असतील. पश्चिमेला एकही काटकोन धड सापडणार नाही. या दृष्टीने पाहिले, तर घरे विसाव्या शतकातली असली तरी गावाचा आराखडा तेराव्या-चौदाव्या शतकातलाच राहिला आहे, आणि मध्ययुगीन गाव म्हणजे आधी आराखडा आणि मग घरे, असे माझे मत आहे.

पूर्वेकडच्या तटबंदीवरून चालताना आईंना एक गोष्ट अवश्य दाखवा. तटाच्या आतल्या बाजूने छपराखालून जाणारी दगडी वाट आहे आणि तिच्या भिंतीत जागोजागी नावे कोरलेले दगड बसवले आहेत. उद्ध्वस्त झालेली तटबंदी पुन्हा उभारण्यासाठी गावाने जगभर देणगीचे आवाहन केले. जो जितक्या मीटरचा खर्च उचलील, तितके मीटर त्याच्या नावापुढे कोरायचे, अशी पद्धत ठेवली. अमेरिकन आणि जपानी नावे पुष्कळ आहेत. म्हणजे कुठून कुठपर्यंत तट नवा आहे, हे त्या तटावरच लिहून ठेवलेले आहे. देखावा उभारणारे लोक आपली जोडाजोड झाकतात. इथे तसे काही नाही.

सुतारपक्षी

वरच्या प्रतिसादाशी मी बहुतांशी सहमत आहे. मी जुन्या इमारतींच्या जतनाच्या क्षेत्रात काम करतो, त्यामुळे घरांकडे पाहण्याची थोडी वेगळी रीत सुचवतो.

घराचे वय सांगण्यासाठी दर्शनी भागावर विसंबू नये. जर्मनीतल्या अनेक गावांत ही लाकडी सांगाड्याची घरे अठराव्या शतकात गिलाव्याखाली झाकली गेली होती, कारण दगडी दिसणारे घर प्रतिष्ठेचे मानले जाई आणि गिलाव्यामुळे आगीचा धोकाही कमी होई. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जुन्या गावांची हौस वाढली, तेव्हा तोच गिलावा खरवडून लाकडे पुन्हा उघडी केली गेली. कधीही उघडे दिसावे म्हणून न बांधलेले सांगाडेही या भरात उघडे पडले. त्यामुळे "लाकूड दिसते म्हणून जुने, गिलावा दिसतो म्हणून नवे" हा हिशेब दोन्ही बाजूंनी फसतो. रोथेनबुर्गच्या पश्चिम भागातल्या एखाद्या साध्या गिलावा केलेल्या घराच्या आत पंधराव्या शतकातले वासे असू शकतात.

या घरांची जडणघडण समजली, की आईबाबांना फिरण्यात अधिक गोडी वाटेल. सुतार ओकची लाकडे आपल्या आवारातच कापून, खाचा-कुसे पाडून, जमिनीवर आडवी जुळवून पाहत. प्रत्येक जोडावर छिन्नीने रेघांची खूण करत, मग सगळे सुटे करून जागेवर आणत आणि त्या खुणांप्रमाणे उभे करत. खिळ्यांऐवजी लाकडी खुंट्या. खांबाजवळ उभे राहून नीट पाहिले, तर रोमन आकड्यांसारख्या त्या खुणा आणि किंचित बाहेर आलेली खुंट्यांची टोके अजून दिसतात. चौकटींमधली मोकळी जागा उभ्या काठ्या आणि आडव्या फांद्या विणून, त्यावर गवताचा भुसा मिसळलेला चिखल थापून भरत. आपल्या कोकणात कुडाच्या भिंती करतात, तेच तंत्र. ओक वाळला की दगडासारखा कठीण होतो, म्हणून तो ओला असतानाच वापरत. याचा आज एक मोठा फायदा होतो. तुळईतून बारीक गाभा काढून तिच्या वर्तुळांची जाडी ज्ञात क्रमाशी जुळवली, की झाड कोणत्या हिवाळ्यात तोडले ते कळते, आणि घर त्यानंतर लवकरच, बहुधा एक-दोन वर्षांत उभे राहिले असे मानता येते. पाट्यांवर दिसणारी कितीतरी नेमकी साले याच पद्धतीने आलेली आहेत.

तुम्ही अधिक अस्सल गावाविषयी विचारले आहे. माझे उत्तर क्वेडलिनबुर्ग असे आहे. हार्त्स डोंगरांच्या पायथ्याशी, झाक्सन-आनहाल्ट राज्यात हे गाव आहे. इथे लाकडी सांगाड्याची दोन हजारांच्या आसपास घरे आहेत, आणि महत्त्वाचे म्हणजे ती एका काळातली नसून सलग कित्येक शतकांची आहेत. वोर्डगासे या गल्लीतले तीन क्रमांकाचे घर चौदाव्या शतकाच्या मध्यातले आहे. त्याचे खांब जमिनीलगतच्या उंबऱ्यापासून थेट छपरापर्यंत अखंड गेलेले आहेत. पुढच्या काळात प्रत्येक मजल्याची चौकट स्वतंत्र करून वरचा मजला खालच्यापेक्षा थोडा पुढे काढण्याची रीत आली, म्हणून सोळाव्या शतकातली घरे रस्त्यावर वाकून पाहत असल्यासारखी दिसतात. त्यांच्या आडव्या तुळयांवर पंख्याच्या आकाराची अर्धकमळे कोरलेली असतात. सतराव्या शतकात तुळईच्या टोकांना हिऱ्यासारखे पैलू पाडण्याची पद्धत पडली. ही तीन-चार लक्षणे लक्षात ठेवली, तर पाटी न वाचताही घराचे शतक बऱ्यापैकी सांगता येते. वोर्डगासेमधल्या त्या घरात याच विषयाचे छोटे संग्रहालय आहे; सुरुवात तिथून करावी.

टेकडीवरचे सेंट झेर्व्हाटियस चर्च तर याहून जुने आहे. राजा हाइनरिश पहिला याला ९३६ साली तिथे पुरले आणि त्याच वर्षी त्याची विधवा माटिल्डे हिच्या आग्रहावरून मुलगा ओट्टो पहिला याने तिथे राजघराण्यातल्या आणि सरदार कुळांतल्या स्त्रियांसाठी मठ स्थापन केला. आज दिसणारी वास्तू १०७० च्या आगीनंतर बांधलेली आहे आणि तिचे अभिषेकाचे साल ११२९ आहे. विशेष हे, की पुढे १८०२-०३ पर्यंत, म्हणजे साडेआठशे वर्षांहून अधिक काळ, या मठाच्या अध्यक्षा गावाच्या धनिणी होत्या. १४७७ मध्ये गावातल्या व्यापाऱ्यांनी स्वतंत्र होण्याचा प्रयत्न केला, तेव्हा अध्यक्षा हेडविग हिने आपल्या भावांचे, म्हणजे झाक्सनच्या सरदारांचे, सैन्य आणवून तो मोडून काढला आणि गावाच्या स्वातंत्र्याचे चिन्ह असलेला रोलांडचा पुतळा पाडून टाकला. तो पुतळा एकोणिसाव्या शतकात पुन्हा उभारला गेला आणि आज नगरगृहापाशी आहे.

हे सगळे टिकले कसे, याचे उत्तर फारसे गौरवाचे नाही. युद्धात गावाची फारशी हानी झाली नाही, पण नंतर पूर्व जर्मनीच्या राजवटीत जुने केंद्र पाडून तिथे नव्या धर्तीच्या इमारती उभारण्याचे बेत झाले होते. पैसा नव्हता म्हणून ते बारगळले. दुरुस्तीलाही पैसा नव्हता, त्यामुळे घरे गळत आणि वाकत राहिली. ऐंशीच्या दशकात बाजारचौकाच्या उत्तरेला काही घरे पाडून काँक्रीटच्या तयार भागांची, पण उतरत्या छपरांची घरे बसवली गेली. ती आजही ओळखू येतात. १९८९ साली बर्लिनची भिंत पडली, तेव्हा गावातली कितीतरी घरे शेवटच्या घटका मोजत होती. १९९४ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत नाव आले आणि नंतरच्या काळात दुरुस्तीला निधी मिळाला. रोथेनबुर्ग त्या यादीत नाही, हे जाता जाता नमूद करतो.

दिगंत

क्वेडलिनबुर्ग उत्तम आहे, यात वाद नाही. परंतु एर्लांगेनहून ज्येष्ठांना घेऊन एवढ्या लांब जाण्याआधी डिंकेल्सब्युल आणि न्योर्डलिंगेन यांचा विचार का होऊ नये? दोन्ही गावे रोथेनबुर्गच्या दक्षिणेला, त्याच "रोमँटिक रस्त्या"वर आहेत. (हा रस्ताही मध्ययुगीन नव्हे, १९५० साली पर्यटनासाठी आखलेला आहे.) डिंकेल्सब्युलला युद्धाची झळ जवळजवळ लागली नाही, तटबंदी सलग आहे आणि गर्दी रोथेनबुर्गच्या मानाने फारच थोडी असते. न्योर्डलिंगेनची तटबंदी तर पूर्ण वर्तुळात चालता येते. अंतर पावणेतीन किलोमीटरच्या आसपास आहे. हे गाव उल्कापाताने झालेल्या विवरात वसलेले आहे आणि तिथल्या चर्चच्या दगडात त्या आघाताने तयार झालेले सूक्ष्म हिरे आहेत. बाबा पाटबंधारे खात्यातले असल्यामुळे त्यांना भूगर्भाची ही गोष्ट आवडेल.

रोथेनबुर्गविषयी माझी तक्रार घरांबाबत नाही, दुकानांबाबत आहे. मे महिन्याच्या दुपारी मुख्य रस्त्यावर नाताळची सजावट विकणारी दुकाने आणि "श्नेबाल" नावाचे गोळे मांडलेल्या काचा यांखेरीज काही दिसत नाही. शंकरपाळ्याच्या पिठाच्या पट्ट्या गुंडाळून तळाव्यात, तसा तो कोरडा प्रकार असतो. एकात चौघांचे भागते.

मैथिली_प

आईंना इतिहासात रस आहे म्हणून लिहिते. वरच्या चर्चेत लाकूड आणि दगड यांचे वय आले, पण रोथेनबुर्ग जुने कसे राहिले, हा प्रश्न बाजूला पडला.

१२७४ साली राजा रुडोल्फ याने या गावाला मुक्त साम्राज्यनगराचा दर्जा दिला, म्हणजे कोणत्याही स्थानिक सरदाराऐवजी ते थेट सम्राटाच्या अखत्यारीत आले. चौदाव्या शतकाच्या अखेरीस नगराध्यक्ष हाइनरिश टॉपलर याच्या काळात गाव वैभवाच्या शिखरावर होते. तोच टॉपलर १४०८ मध्ये नगरगृहाच्या तळघरातल्या कोठडीत मेला. तीस वर्षांच्या युद्धात १६३१ साली कॅथलिक सेनापती टिली याच्या फौजांनी गाव घेतले आणि त्यानंतर ते सावरलेच नाही. व्यापार दुसरीकडे गेला, लोकसंख्या वाढली नाही, आणि जिथे नवी घरे बांधायला कोणाकडे पैसा नाही, तिथे जुनी पाडण्याचे कारणही उरत नाही. १८०२ मध्ये बायर्नने (बव्हेरियाने) गाव ताब्यात घेतले, तेव्हा ते एक विस्मृतीत गेलेले खेडवळ ठिकाण होते. म्हणजे क्वेडलिनबुर्गला जे गरिबीने विसाव्या शतकात केले, ते रोथेनबुर्गला दोनशे वर्षे आधी केले. १८७३ साली रेल्वे आली, पाठोपाठ चित्रकार आले, आणि १८९८ मध्ये गावकऱ्यांनी जुने रोथेनबुर्ग जपण्यासाठी संस्था काढली. तिथून पुढे जे आहे ते योगायोगाने नव्हे, तर ठरवून राखलेले आहे.

गावाने आपल्याविषयी सांगितलेल्या कथाही याच काळातल्या आहेत. माजी नगराध्यक्ष नुश याने सव्वातीन लिटर वाइन एका दमात पिऊन टिलीकडून गाव वाचवले, ही गोष्ट चौकातल्या घड्याळाच्या खिडक्यांत ठरावीक तासांना दाखवतात. तिचे नाटक १८८१ साली रंगमंचावर आले आणि कथा जगभर पसरली ती त्या नाटकामुळे. गुन्हे-शिक्षा संग्रहालयातल्या "लोखंडी कुमारी"चेही, म्हणजे आत खिळे असलेल्या, माणूस कोंडण्याच्या उभ्या पेटीचेही, तसेच आहे. खिळ्यांची ती भीषण कल्पना मध्ययुगानंतर फार उशिरा आलेली आहे.

याच्या उलट, ज्या अस्सल जुन्या गोष्टींकडे पर्यटक वळत नाहीत, त्यांत ज्यूंचा इतिहास येतो. तेराव्या शतकातले थोर धर्मशास्त्री रब्बी मेईर बेन बारुख यांनी अनेक वर्षे इथे अध्यापन केले आणि युरोपभरातून त्यांच्याकडे निवाड्यासाठी प्रश्न येत. १२९८ च्या हत्याकांडात इथले ज्यू मारले गेले, पुढे वस्ती पुन्हा झाली आणि १५२० मध्ये सर्वांना हाकलून देण्यात आले. यूडेनगासे म्हणजे ज्यूंची आळी आजही आहे. तिथे पंधराव्या शतकाच्या आरंभीचे एक घर असून त्याच्या तळघरात धार्मिक स्नानाचे कुंड आहे. जुन्या ज्यू दफनभूमीतले, हिब्रू अक्षरे कोरलेले दगड गावाच्या संग्रहालयात, पूर्वीच्या डोमिनिकन मठात, ठेवलेले आहेत. आणि हेही सांगायला हवे, की नाझी राजवटीला हे गाव "आदर्श जर्मन गाव" म्हणून फार प्रिय होते. सहलींच्या गाड्या भरून इथे येत, वेशींवर ज्यूद्वेषाचे फलक लावले गेले होते, आणि उरलेल्या ज्यू रहिवाशांना ऑक्टोबर १९३८ मध्येच, म्हणजे देशभरातल्या नोव्हेंबरमधल्या जाळपोळीच्या आधीच, गाव सोडायला लावले गेले. क्वेडलिनबुर्गचे ते चर्चही नाझी नेता हिमलर याने ताब्यात घेऊन हाइनरिश राजाचे स्मारकस्थान केले होते. गाव "निर्भेळ जुने" असावे, या हट्टाचा इतिहास निरुपद्रवी नाही, म्हणून "अस्सल की नक्कल" हा प्रश्न विचारताना थोडे सावध राहावे, असे मला वाटते.

नीलाक्षी_एर्लांगेन

सर्वांचे मनापासून आभार. मैथिलीताई, तुमचा प्रतिसाद आईला तसाच्या तसा पाठवला. तिने लगेच यूडेनगासे नकाशावर शोधून ठेवली आहे. सुतारपक्षी यांनी सांगितलेल्या खुणा बाबांनी वहीत उतरवून घेतल्या.

आमचा बेत आता असा आहे: रोथेनबुर्गला एक रात्र मुक्काम, दुसऱ्या दिवशी मोटारीने डिंकेल्सब्युल, आणि क्वेडलिनबुर्ग सप्टेंबरमध्ये मी आणि माझा नवरा जाऊ तेव्हा. दोन शंका उरल्या आहेत. बाबांना तटबंदीवर चढणे जमेल का? आणि रोथेनबुर्गच्या चर्चमधली, रीमेनश्नायडर या शिल्पकाराची कोरीव वेदी पाहायला किती वेळ हाताशी ठेवावा?

पेग्निट्झकाठकर

मुक्काम करताय हे उत्तम. बसने आलेले लोक संध्याकाळी परततात आणि त्यानंतर हेर्नगासेवरून किल्ल्याच्या बागेपर्यंत निवांत चालता येते. तिथे किल्ला होता, तो १३५६ च्या भूकंपानंतर राहिला नाही; आता एक चॅपेल, झाडे आणि खाली टाउबर नदीची दरी आहे. वाट सपाट आहे, बाबांना त्रास होणार नाही.

तटबंदीचे जिने मात्र दगडी, उंच पायऱ्यांचे आणि अरुंद आहेत, आणि वरची वाटही काही ठिकाणी दोघे समोरासमोर आल्यास अंग चोरावे लागेल इतकी चिंचोळी आहे. बाबांनी रोडर वेशीजवळचा एकच जिना चढावा, देणगीदारांचे दगड पाहावेत आणि तिथूनच उतरावे. पूर्ण फेरीचा आग्रह धरू नये. गावभर दगडी गटूंची फरसबंदी आहे, म्हणून जाड तळव्याचे बूट हवेतच. दरीत उतरून टॉपलरचे छोटे घर पाहायचे असेल, तर मोटारीने खाली जावे. चढण दमवणारी आहे.

वेदीसाठी तासभर ठेवा. ती सेंट याकोब चर्चच्या मुख्य भागात नसून पश्चिमेकडच्या सज्जात आहे. जिना चढून जावे लागते, आणि खाली मुख्य वेदी पाहून तेवढ्यावर परतणारे बरेच असतात. लिंबाच्या नव्हे, लिंडेन झाडाच्या लाकडात कोरलेली ही वेदी १५०५ च्या सुमारास पूर्ण झाली. तिच्यावर रंग नाही, नुसते लाकूड. मधल्या प्रसंगात येशूचे शिष्यांसोबतचे शेवटचे भोजन दाखवले आहे, आणि मध्यभागी येशूऐवजी त्याचा विश्वासघात करणारा शिष्य यूदास उभा आहे, हातात पैशांची थैली घेऊन. येशू त्याच्यापुढे घास धरतो. त्या दृश्यामागे गोल काचांच्या खऱ्या छोट्या खिडक्या बसवल्या आहेत, त्यांतून मागचा उजेड आकृत्यांवर पडतो. चर्चमध्ये प्रार्थना असल्यास वर सोडत नाहीत, तेव्हा जाण्याच्या दिवशी सकाळी वेळापत्रक पाहून घ्या. ईस्टरनंतर सात आठवड्यांनी येणाऱ्या पेंटेकॉस्टच्या सुट्टीत मात्र येऊ नका. त्या दिवसांत वाइन पिण्याच्या त्या कथेचा उत्सव असतो आणि गावात राहायला जागा मिळत नाही. मोटार तटबंदीबाहेरच्या वाहनतळावरच ठेवावी. रेल्वेने यायचे ठरवलेत, तर श्टाइनाख येथे गाडी बदलावी लागते, आणि तिथून रोथेनबुर्ग अवघ्या पंधरा मिनिटांवर आहे.